कंबर ‘किती’ दुखते नव्हे, ‘कधी’ दुखते? मणक्याचा दाहक संधिवात ओळखायला इतकी वर्षे का लागतात

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव आहे. आजूबाजूला ज्वारीची शिवारे आणि पाणी असेल तिथे ऊस. वाकून ज्वारी काढायची, वैरणीचे भारे वाहायचे, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायची, हे इथले रोजचे काम. अशा भागात कुणी ‘कंबर दुखते’ म्हटले तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. काम केले की कंबर दुखणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेले असते.

बहुतेक वेळा ते खरेही असते. पण याच समजुतीच्या आड एक आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. तो म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात, अर्थात अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘ए. एस.’ म्हणतात. दिल्लीतील रुग्णांवर आधारित आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात पहिले लक्षण दिसल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी सुमारे सात वर्षे गेल्याचे आढळले. जगभरातील अभ्यासांची सरासरीही याच्या आसपास आहे. म्हणजे हा प्रश्न एकट्या खेड्याचा नाही. मात्र दवाखाना लांब आणि हातावरचे पोट असेल तिथे तो जास्त अवघड होतो.

काय आहे हा आजार?

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारात ती स्वतःच्याच सांध्यांना सूज आणते. सुरुवात बहुधा माकडहाडाच्या वर, कंबरेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांपासून होते. पाठीचा कणा आणि खुब्याचे हाड यांना जोडणाऱ्या या सांध्यांना ‘सॅक्रोइलियाक सांधे’ म्हणतात. स्नायूंचे दोर आणि बंध जिथे हाडाला चिकटतात, तिथेही सूज येते. म्हणून काही रुग्णांची टाच दुखते, काहींच्या बरगड्या दुखतात.

ही सूज दीर्घकाळ राहिली की शरीर त्या जागी नवे हाड तयार करू लागते. काही रुग्णांमध्ये एकावर एक असलेले मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात. एक्स-रेमध्ये असा कणा बांबूच्या कांडासारखा दिसतो. त्यानंतर मान वळवणे, खाली वाकणे, मागे पाहणे अवघड होते. प्रत्येक रुग्ण या टप्प्यापर्यंत जातोच असे नाही. पण कोण जाणार, हे सुरुवातीला खात्रीने सांगता येत नाही.

आजार सुरू होतो तो ऐन कमावत्या वयात. बहुतेकांना पहिले लक्षण विशी-तिशीत जाणवते, पंचेचाळिशीनंतर सुरुवात होणे विरळ. कंबरदुखी हे म्हातारपणाचे दुखणे, ही समजूत इथेच आडवी येते.

साध्या कंबरदुखीपेक्षा वेगळे काय?

सोनारीसारख्याच एखाद्या गावातला २३ वर्षांचा मुलगा उदाहरण म्हणून घेऊ. पहाटे तीन-चारच्या सुमारास कंबरेच्या ठणक्याने त्याला जाग येते. सकाळी अंथरुणातून उठताना पाठ लाकडासारखी ताठ असते. चप्पल घालायलाही वाकता येत नाही. तासाभराने चालणे-फिरणे झाले की अंग मोकळे होते आणि दहा वाजता तो रानात इतरांच्या बरोबरीने काम करतो. दुपारी सावलीत तासभर आडवा झाला की उठताना पुन्हा तेच.

जड ओझे उचलून कंबर धरली असेल तर याच्या उलट घडते. काम केल्यावर दुखणे वाढते, पडून राहिले की उतरते, आणि काही आठवड्यांत बहुधा थांबते. दाहक दुखण्याची लक्षणे अशी असतात :

• दुखणे अचानक नव्हे, हळूहळू सुरू होते आणि तीन महिन्यांहून अधिक टिकते.
• सुरुवात बहुधा चाळिशीच्या आत होते.
• सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो.
• हालचाल केल्यावर बरे वाटते, विश्रांतीने वाटत नाही.
• रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते.
• कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा.

अमेरिकेत आंद्रे कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच दाखवले होते, की अशा मोजक्या प्रश्नांवरून संशयित रुग्ण वेगळे काढता येतात. त्यासाठी ना यंत्र लागते, ना रक्त काढावे लागते. ही लक्षणे असलेल्या प्रत्येकाला ए. एस. असतोच असे नाही, पण पुढची तपासणी कोणाची करायची, हे त्यावरून ठरते. अडचण एवढीच, की दवाखान्यात ‘कुठे दुखते’ आणि ‘किती दुखते’ हे विचारले जाते. ‘कधी दुखते’ हा प्रश्न राहून जातो.

पहिला उशीर घरातच

सकाळी उठायला कुरकुर करणारा आणि दहा वाजता नीट काम करणारा तरुण मुलगा घरच्यांना आजारी वाटत नाही, आळशी वाटतो. दुखणे खरे असते तर कामही झाले नसते, असा हिशेब मांडला जातो. खरे तर कामाने बरे वाटणे हीच या आजाराची खूण आहे. तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

त्यानंतर ‘उसण भरली’, ‘वात आहे’, ‘थंडी बाधली’ अशी कारणे निघतात. चोळून घेणे, शेकणे, हाडे बसवणाऱ्याकडे जाणे यात काही महिने जातात. दुखणे काही दिवस आपोआप कमीही होते, कारण हा आजार चढ-उताराने चालतो. त्या वेळी जो उपाय चालू असतो, त्याला श्रेय मिळते.

गोळीने बरे वाटते, आणि शोध थांबतो

या आजारात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बऱ्याच रुग्णांना लवकर गुण देतात, कधी एक-दोन दिवसांत. जाणकार डॉक्टरसाठी हा धागा असतो. पण रुग्णासाठी ती सुटका असते. मेडिकलमधून पट्टी आणायची, दुखले की घ्यायची, हे वर्षानुवर्षे चालते. कारण शोधण्याची निकड उरत नाही आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेतलेल्या गोळ्यांचा त्रास पोटाला आणि मूत्रपिंडांना होतो.

नावातला घोळ

महाराष्ट्रात ‘स्पॉन्डिलायटिस’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. पण तो वापरला जातो मान धरण्यासाठी, वयानुसार मणके झिजण्यासाठी. त्या झिजेचे खरे नाव ‘स्पॉन्डिलोसिस’. नावांतल्या थोड्याशा फरकाने दोन पूर्ण वेगळे आजार एक होऊन जातात. झीज हा वयाचा परिणाम, तर अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा तरुण वयातला दाहक आजार. त्यामुळे कोणी निदान नीट सांगितले तरी ऐकणारा म्हणतो, ‘हो, आमच्या काकांनाही आहे, पट्टा लावतात.’

तपासण्या होतात, तरी आजार का सापडत नाही?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण एक्स-रे. सॅक्रोइलियाक सांध्यांतील बदल साध्या एक्स-रेवर दिसायला अनेक वर्षे लागू शकतात. १९८४ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक्स-रेवरचा बदल आवश्यक होता. म्हणजे हाडावर परिणाम दिसेपर्यंत आजाराला नावच मिळत नव्हते. २००९ च्या नव्या निकषांनी एमआरआयवर दिसणारी सूज आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी यांनाही स्थान दिले. एक्स-रे साफ असलेल्या रुग्णांनाही आता ‘अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थरायटिस’ या व्यापक नावाखाली ओळखता येते.

दुसरे कारण, एमआरआय चुकीच्या जागेचा निघतो. कंबर दुखते म्हणून कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय होतो. सॅक्रोइलियाक सांधे त्याच्या खाली असतात आणि ते त्यात नीट तपासले जात नाहीत. अहवालात मात्र ‘डिस्क बल्ज’ असे लिहून येते. मग ‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’ असे सांगितले जाते आणि प्रकरण मिटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकीही सुमारे ३० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आढळला होता. म्हणजे अहवालात गादी फुगलेली दिसली, तरी दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही.

तिसरे कारण, रक्ताचे अहवाल ‘नॉर्मल’ येतात. संधिवात म्हटले की ‘आर. ए. फॅक्टर’ आणि युरिक अ‍ॅसिड तपासले जाते. आर. ए. फॅक्टर हा हातापायांच्या सांध्यांच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी संबंधित आहे. ए. एस. मध्ये तो बहुधा नसतोच. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्याही बऱ्याच रुग्णांत सामान्य येतात. त्यामुळे ‘रक्तात काही नाही, म्हणजे वात नाही’ हा निष्कर्ष इथे फसवा ठरतो.

चौथे कारण एचएलए-बी२७ चा चुकीचा अर्थ. या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला. बहुतेक रुग्णांत हे जनुक सापडते. पण ते निरोगी लोकांतही असते आणि ते असलेल्या बहुसंख्यांना हा आजार कधीच होत नाही. उलट काही रुग्णांत ते नसते. म्हणून अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार पक्का नव्हे आणि निगेटिव्ह आला म्हणजे सुटका नव्हे. लक्षणे, तपासणी आणि एमआरआय यांच्या जोडीनेच त्याला अर्थ येतो.

क्षयाची शंका

भारतात तरुण माणसाच्या पाठीत दीर्घकाळ दुखत असेल तर डॉक्टरच्या मनात मणक्याचा क्षयरोगही येतो आणि येणे योग्यच आहे. क्षय इथे सर्रास आढळतो आणि तो चुकवून चालत नाही. पण खात्री न होता औषधे सुरू झाली तर अनेक महिने त्यात जातात. वर उल्लेख केलेल्या भारतीय अभ्यासात रुग्णांना आधी सांगितल्या गेलेल्या निदानांत साधी कंबरदुखी आणि मणक्याची झीज यांच्याबरोबर मणक्याचा क्षयही होता. ताप, वजन घटणे, एकाच जागी सतत वाढणारे दुखणे ही क्षयाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. त्यांची तपासणी लगेच व्हायला हवी.

बायकांचे निदान आणखी उशिरा का?

हा पुरुषांचा आजार आहे, असे पुस्तकांत दीर्घकाळ लिहिले जाई. एक्स-रेवर ठळक बदल दिसणारे रुग्ण पुरुषांत जास्त असतात, हे खरे. पण एक्स-रे साफ असलेल्या सुरुवातीच्या प्रकारात स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळते. स्त्रियांच्या कंबरदुखीला आपल्याकडे कारणेही तयार असतात : बाळंतपण, सिझरच्या वेळी पाठीत दिलेले इंजेक्शन, अंगावरून पांढरे जाणे, कॅल्शियम कमी. सकाळचा ताठरपणा घेऊनच ती चुलीपुढे बसते आणि हालचालीने तिला बरे वाटत असल्याने तक्रार तिथेच विरते. अनेक देशांतील अभ्यासांत स्त्रियांच्या निदानाला पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागल्याचे दिसले आहे.

लक्षणे विखुरलेली, फाईलही विखुरलेली

या आजारात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या भागाची सूज येते. एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जातो. टाच दुखली तर हाडांच्या डॉक्टरकडे, अंगावर सोरायसिसचे चट्टे आले तर त्वचेच्या, दीर्घकाळ जुलाब झाले तर पोटाच्या. हे सगळे एकाच आजाराचे किंवा त्याच्या भावंडांचे भाग असू शकतात. पण ‘तुमची कंबर सकाळी दुखते का?’ असे डोळ्यांच्या दवाखान्यात कोणी विचारत नाही आणि रुग्णालाही ते सांगण्यासारखे वाटत नाही.

परंडा, भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. इथली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि पुढचे काही महिने कारखान्याच्या हद्दीत राहतात. तिथला डॉक्टर वेगळा, पुढच्या वर्षीचा आणखी वेगळा. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो आणि इंजेक्शन देऊन त्या दिवसाचे काम चालू ठेवतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यातला एक जण बसला तर दोघांचे काम थांबते आणि घेतलेली उचल अंगावर राहते. त्यामुळे तपासणीसाठी दोन दिवस सोलापूरला किंवा पुण्याला जाणे हा साधा निर्णय नसतो. संधिवाततज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांतच भेटतात.

गवताच्या गंजीतली सुई

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. सोनारीच्या पश्चिमेला, करमाळ्यापलीकडे, उजनी धरणाच्या काठी भिगवण हे गाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातून आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी जवळपास १८ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे होते. त्यातला मोठा भाग साध्या दुखण्यांचा होता, दाहक संधिवाताचे रुग्ण थोडे होते.

गावातल्या डॉक्टरपुढे रोज कंबरदुखीचे कितीतरी रुग्ण येतात आणि त्यांत ए. एस. चा एखादाच असतो. प्रत्येकाचा एमआरआय काढणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणूनच दुखण्याच्या वेळेबद्दलचा प्रश्न मोलाचा ठरतो. गंजीतून सुई शोधायचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

उशीर झाला तर काय बिघडते?

जोडले गेलेले मणके पुन्हा सुटे करणारे औषध नाही. सूज असलेल्या टप्प्यात उपचार मिळाले तर दुखणे आणि ताठरपणा आटोक्यात राहतो, माणूस कामावर टिकतो. उशीर झाल्यास पाठीला बाक येतो, छाती पुरेशी फुगत नाही, खुब्याचे सांधे खराब झाल्यास ते बदलावे लागतात. वारंवार सुजणाऱ्या डोळ्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टीला धोका पोहोचतो.

आखडलेला कणा ठिसूळही होतो. मोटारसायकलवरून साधे पडल्यानेही तो मोडू शकतो. अशा पाठीवर झटके देऊन हाडे बसवून घेणे धोक्याचे असते.

उपचार काय आहेत?

पायाचे दोन उपचार फार महागडे नाहीत : डॉक्टरच्या देखरेखीखाली सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम. पाठ, मान आणि छाती ताणणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावे लागतात. ‘कंबर दुखते तर झोपून राहा’ हा सल्ला या आजारात उलटा पडतो. तंबाखू ओढणाऱ्यांत आजार अधिक त्रास देतो, म्हणून विडी-सिगारेट सोडणे हाही उपचाराचाच भाग.

एवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने आणि काही नव्या गोळ्या आहेत. यांतील काही औषधे आता भारतातही तयार होतात, तरी इंजेक्शनांचा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो. ही औषधे प्रतिकारशक्तीवर काम करत असल्याने ती सुरू करण्यापूर्वी छुपा क्षय आहे का, हे तपासणे भारतात अत्यावश्यक मानले जाते. झटपट गुण देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. कण्याच्या या आजारात ते दीर्घकाळ घेण्याचा सल्ला दिला जात नाही, कारण फायदा कमी आणि हाडे ठिसूळ होण्यासारखे तोटे जास्त.

डॉक्टरला काय सांगावे?

कंबरदुखी तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर दवाखान्यात जाताना या गोष्टी आठवून किंवा कागदावर लिहून नेल्यास उपयोग होतो :

• दुखणे कोणत्या वयात सुरू झाले आणि किती महिने झाले.
• सकाळी उठल्यावर अंग मोकळे व्हायला किती वेळ लागतो.
• पहाटे दुखण्याने जाग येते का.
• काम केल्यावर बरे वाटते की पडून राहिल्यावर.
• गोळी घेतल्यावर किती आराम पडतो आणि ती बंद केल्यावर काय होते.
• डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, टाच दुखते का, त्वचेवर सोरायसिस आहे का.
• आई-वडील, भावंडे यांपैकी कोणाला असा त्रास किंवा पाठीला बाक आहे का.

जुने एक्स-रे आणि अहवाल एका पिशवीत एकत्र ठेवून प्रत्येक वेळी सोबत न्यावेत. लक्षणे जुळत असतील तर ‘संधिवाततज्ज्ञाला दाखवावे का?’ असे डॉक्टरला थेट विचारता येते. पायातील ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा डोळा लाल होऊन नजर धूसर होणे, यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही थांबू नये.

सात वर्षांचा उशीर एका चुकीने होत नाही. घर, मेडिकल, एक्स-रे, रक्ताचा अहवाल, बदललेला डॉक्टर अशा प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ जातो आणि त्याची वर्षे होतात. तो कमी करण्याची सुरुवात मात्र घरातूनच होऊ शकते. सकाळी ताठ पाठीने उठणाऱ्या मुलाला किंवा सुनेला ‘आळशी’ म्हणण्याआधी एवढेच विचारायचे : दुखते कधी?